'ब्लू' : एका कॅनेडियन गायिकेची दहा गाणी

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या तबकड्यांच्या शेवटी बाई आपले नाव सांगतात, हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तीन मिनिटांचे गाणे आणि शेवटी नाव. गाणारीविषयी तबकडी याहून अधिक काही सांगत नसे. पुढे आपल्या गावाचे नाव लावणाऱ्या हिराबाई बडोदेकर पडद्याबाहेर येऊन बैठकीत गायल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईकडे पाहण्याची आपल्या समाजाची नजर बदलली. पण शब्द आपले, चाल आपली आणि दुःखही आपलेच, अशी पूर्ण तबकडी एका बाईने काढावी ही गोष्ट त्याही नंतरची. त्या प्रकारातली एक तबकडी आज आपण पाहू. तिचे नाव 'ब्लू', गायिका जोनी मिचेल, साल १९७१.

जोनीचा जन्म ७ नोव्हेंबर १९४३ चा, कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातला. माहेरचे नाव रॉबर्टा जोन अँडरसन. वाढली ती सॅस्काटून या गावी. मैलोन्‌मैल गव्हाची शेते, मधून वाहणारी नदी आणि ती नदी गोठवून टाकणारा हिवाळा. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला. त्यातून ती उठली, पण डावा हात कमजोर राहिला. गिटारवर डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबून स्वरमेळ धरावे लागतात. नेहमीचे मेळ धरणे तिला जड जाई, म्हणून तिने ताराच वेगवेगळ्या स्वरांत जुळवायला सुरुवात केली. म्हणजे तारा मोकळ्या सोडल्या तरी मेळ वाजतो आणि बोटांचे काम हलके होते. अशा डझनावारी जुळण्या तिने शोधल्या. तिच्या गाण्यांना जो अनोळखी, किंचित अधांतरी रंग आहे, त्याचे एक मूळ त्या आजारपणात आहे.

१९६५ साली, एकविसाव्या वर्षी, टोरांटोमध्ये तिला मुलगी झाली. लग्न झालेले नव्हते, हाती पैसा नव्हता, घरी सांगण्याची सोय नव्हती. त्या काळच्या कॅनडात अविवाहित आईला लोक काय म्हणत, हे आम्ही इथे समजावून सांगायला नको. त्याच वर्षी तिने चक मिचेल या गायकाशी लग्न केले, पण मूल तिच्याजवळ राहिले नाही. ते दत्तक गेले. लग्नही टिकले नाही. मिचेल हे आडनाव मात्र कायम राहिले.

पुढच्या पाच वर्षांत जोनीचे नाव झाले. १९६८ पासून दरवर्षी एक अशा तिच्या तीन तबकड्या निघाल्या. लॉस एंजेलिसजवळच्या लॉरेल कॅन्यनमध्ये घर झाले, गायक ग्रॅहम नॅशबरोबर संसारासारखे काही जमले. १९७० मध्ये मात्र मैफली थांबवून ती युरोपात निघून गेली. क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर मटाला नावाचे गाव आहे. तिथल्या खडकात कोरलेल्या गुहांत तेव्हा देशोदेशींची तरुण मुले राहत. काही काळ तीही त्यांच्यात राहिली. नॅशबरोबरचे नाते याच सुमारास तुटले. बरोबर एक हलके वाद्य होते, अ‍ॅपलाचियन डल्सिमर. हे मांडीवर आडवे ठेवून वाजवतात. एका बाजूला सूर फिरतो आणि उरलेल्या तारा तंबोऱ्यासारखा एकच आधारस्वर धरून राहतात. तंबोऱ्याच्या सोबतीवर वाढलेल्या आपल्या कानांना हा आवाज परका वाटत नाही.

१९७१ च्या सुरुवातीला हॉलिवुडच्या ए अँड एम स्टुडिओत 'ब्लू'चे मुद्रण झाले. ध्वनिमुद्रक होते हेन्री लुई. त्याच इमारतीत दुसऱ्या खोलीत कॅरोल किंग आपली 'टॅपेस्ट्री' मुद्रित करत होती आणि तिच्या एका गाण्यात जोनीने मागून आवाजही दिला. स्वतःच्या मुद्रणाच्या वेळी मात्र जोनीची मनःस्थिती अशी होती, की कोणी अनोळखी माणूस आत आला तरी तिला रडू फुटे. त्यामुळे दार बंद ठेवून काम चाले. साथीला माणसे मोजकीच. जेम्स टेलरची गिटार तीन गाण्यांत, रस कंकेलचे तालवाद्य काही गाण्यांत. बाकी बहुतेक जोनी एकटीच, कधी पियानोवर, कधी गिटार किंवा डल्सिमरवर. लय बहुतेक ठिकाणी संथ, आवाज कानाशी बोलल्यासारखा. दोन बाजू, दहा गाणी, सुमारे ३६ मिनिटे. २२ जून १९७१ रोजी तबकडी बाजारात आली. ती ऐकून क्रिस क्रिस्टोफरसन या गायक मित्राने तिला सुचवले, की स्वतःजवळ थोडे राखून ठेवावे. पुरुष गवयांच्या वर्तुळात एवढे उघडे बोलणे अनेकांना अवघड वाटले.

गंमत अशी, की सगळे उघडे आहे असे ज्यांना वाटले, त्यांनाही मुख्य गोष्ट ऐकू आली नव्हती. पहिल्या बाजूचे तिसरे गाणे 'लिटल ग्रीन'. दत्तक दिलेल्या मुलीसाठी जोनीने ते १९६७ च्या सुमारास लिहिले होते. तबकडी आली तेव्हा एका नामांकित नियतकालिकाच्या परीक्षकाला हे गाणे दुर्बोध वाटले. लाखो घरांत ते वाजत राहिले. आईने मुलीचा निरोप घेतलेला लोक ऐकत होते, पण आई कोण आणि मुलगी कोण हे कुणाला ठाऊक नव्हते. वीसएक वर्षांनी एका जुन्या ओळखीच्या व्यक्तीने हे गुपित वर्तमानपत्राला विकले. १९९७ मध्ये मायलेकींची भेट झाली. पुढे त्यांचे नाते सरळ राहिले नाही असेही म्हणतात. तो त्यांचा प्रश्न आहे.

दुसऱ्या बाजूला 'रिव्हर' आहे. सुरुवातीला पियानोवर 'जिंगल बेल्स'ची ओळखीची चाल येते, पण मंद आणि उदास होऊन. नाताळ जवळ आला आहे आणि ती अशा प्रदेशात आहे जिथे बर्फच पडत नाही. सॅस्काटूनच्या गोठलेल्या नदीची आठवण असलेल्या मुलीचे हे गाणे आज नाताळात हटकून वाजते. सण आला की गाव आठवते, हे परमुलखात चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. गायकवाडांच्या मागे आलेल्या आपल्या पणज्यांनीही इथल्या पहिल्या गणपतीत कुठल्या तरी नदीची आठवण काढलीच असेल. फरक इतकाच, की त्यांच्या ओव्या जात्यापाशीच राहिल्या.

२०२० मध्ये 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने सर्वकालीन श्रेष्ठ तबकड्यांची यादी केली, तीत 'ब्लू' तिसरी होती. त्याआधी २०१५ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजाराने जोनी कोसळली होती. बोलणे, चालणे, गाणे सारे पुन्हा शिकावे लागले. बालपणीच्या पोलिओनंतरची ही दुसरी खेप. जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती अनपेक्षितपणे मंचावर आली, वय ७८. खुर्चीत बसून, तरुण गायकांच्या घोळक्यात तिने 'ब्लू'मधली दोन गाणीही गायली. पूर्वीचा उंच, पातळ आवाज आता खर्जात उतरला आहे. शब्द तेच आहेत.

यंदा आरतीनंतर मंडप रिकामा झाला, की कुणी ही तबकडी ऐकून पाहावी. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. आणि घरात एखादी आजी अजून ओवी म्हणत असेल, तर तीही मोबाइलवर मुद्रित करून ठेवावी. शेवटी तिचे नाव तिच्याच तोंडून घ्यायला विसरू नये.