अंतकाळीची साथ

चंदीगडच्या सेक्टरांचे आकडे शहराच्या हद्दीशी थांबत नाहीत. ते पुढे पंजाबातल्या मोहालीत जातात. शेजार पिढ्यांचा नसलेल्या अशा आखीव वसाहतींत, मरणाऱ्याजवळ बसणारी, घरच्यांना धीर देणारी प्रशिक्षित ‘डूला’ ही कल्पना सहज पटते. अमेरिकेत ती या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आली आणि आता तिच्या जोडीला कटोऱ्यांच्या नादाचे ध्यानही येते. हे सारे आपल्याकडे नवीन म्हणून मांडले जाते. पण महाराष्ट्र आणि पंजाब या दोन्ही प्रांतांत मरणाऱ्याला आवाजाची साथ देण्याची रीत शतकांची आहे. त्या रीतीचे बळ वाद्यात नव्हते. ओळखीच्या माणसांनी ओळखीचे शब्द म्हणण्यात होते.

दोन्ही प्रांतांना जोडणारा दुवा म्हणजे संत नामदेव (1270–1350). आळंदीला 1296 मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग गाथेत आहेत. ते सगळे त्यांचेच का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी निरोप कसा द्यावा याची जुन्या मराठी समाजाची कल्पना त्यांतून स्वच्छ दिसते. तिथे जाणारा एकटा नाही. संतमेळा जमतो, कीर्तन होते, थोरला भाऊ निवृत्तिनाथ गुरू असूनही शोक आवरू शकत नाही आणि त्या शोकाला कोणी कमीपणा मानत नाही. पुढे नामदेव पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान त्यांच्या स्मृतीचे ठिकाण झाले, आणि त्यांची 61 पदे गुरु ग्रंथ साहिबात आली. त्याच ग्रंथात संत त्रिलोचनांचे एक पद अंतकाळावर आहे: शेवटी धन आठवले तर एक गती, नारायण आठवला तर दुसरी. परंपरा त्रिलोचनांनाही महाराष्ट्राचे मानते. गीतेच्या आठव्या अध्यायातला हाच विचार मराठी घरांत हरिपाठ, विष्णुसहस्रनाम, तुळशीपत्र आणि गंगाजल यांच्या रूपाने उतरला; शीख घरांत तेच काम सुखमनी साहिबच्या पाठाने केले.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारे आत्म्याच्या पुढच्या गतीसाठी होते, रुग्णाच्या आरामाशी त्याचा संबंध नव्हता. हेतूपुरते हे खरे आहे. पण गुरु ग्रंथ साहिबातल्या रामकली रागातल्या ‘सद्द’ या रचनेत गुरू अमरदासांच्या अखेरच्या क्षणांचे वर्णन आहे, आणि त्यात मागे राहणाऱ्यांनी रडू नये, कीर्तन करावे, असे ते सांगतात. म्हणजे आवाज जाणाऱ्याइतकाच राहणाऱ्यांसाठीही होता. युरोपातही अकराव्या शतकात क्लूनीच्या मठात कोणी मरणासन्न झाला की लाकडी फळी वाजवत आणि सारे मठवासी हातातले काम टाकून गात त्याच्याकडे धावत. कॅनडातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले, की प्रतिसाद न देणाऱ्या काही मरणासन्न रुग्णांचा मेंदूही ध्वनींना प्रतिक्रिया देतो. त्यांना अर्थ कळतो, हे यातून सिद्ध होत नाही. पण शेवटपर्यंत बोलत राहणे वेडगळपणाचे नाही, एवढे नक्की. उलट तिबेटी म्हणून मिरवणाऱ्या कटोऱ्यांच्या नादध्यानाची प्रसिद्धी मुख्यतः 1970 नंतरच्या पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांची देणगी आहे. तो नाद शांतवू शकेल, पण ज्याला आयुष्यभर हरिपाठ पाठ होता त्याला त्यात आपले असे काय ऐकू येणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुनी साथ सर्वांना मिळत नव्हती. याची साक्षही नामदेवांच्याच कथेत आहे. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि अस्पृश्य मानले गेलेले संत चोखामेळा मजुरांसह तिच्याखाली गेले. विठ्ठलनामाच्या आवाजावरून नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखल्या, असे आख्यायिका सांगते. ज्याच्याभोवती जिवंतपणी कीर्तन जमू शकले नाही, त्याची हाडेच नाम घेतात. समाजाच्या अपराधाचा याहून कठोर पुरावा कुठला हवा? शिवाय घरातली शुश्रूषा बहुधा बायकांच्या अंगावर पडे, आणि वेदनेवर उपाय थोडाच होता. म्हणून मुंबईत 1986 मध्ये डॉ. लुइस डिसूझा यांनी सुरू केलेले शांती अवेदना सदन हे मोठेच पाऊल ठरते. त्याच सुमारास आलेल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने मात्र मॉर्फीन मिळणे अवघड केले, आणि ती गाठ सोडवायला 2014 ची दुरुस्ती लागली. भजन मॉर्फीनची जागा घेऊ शकत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलावे लागते.

मग पगारी डूला का नको, असा तिसरा प्रश्न उरतो. नको असे नाही. फ्लॅटमध्ये मुले परदेशी, शेजारी अनोळखी, तिथे जाणत्या माणसाने हात धरणे हेही मोलाचे. पण केरळातल्या मलप्पुरममध्ये 2001 पासून उभे राहिलेले शेजाऱ्यांचे परिहार-सेवा जाळे दाखवते, की नव्या काळातही साथ वाटून घेता येते, फक्त ती मुद्दाम घडवावी लागते. म्हणून डूलेचे मोल तिच्या वाद्यांवर किंवा प्रमाणपत्रावर ठरू नये. तिच्या येण्याने नातवाला आजीच्या उशाशी बसून पाठ म्हणायची हिंमत आली, शेजारीण दोन तास थांबली, तर ती जुन्याच रीतीची वारसदार आहे. तिच्या भरवशावर बाकीचे सगळे मोकळे झाले, तर आपण तिला पैसे दिले ते आपली जागा रिकामी ठेवण्यासाठी.