साडेसहाशे रुपयांची वाढ आणि गिरणीतला दंड

आजचा विषय एका पत्रावरून सुचला. 2019 चा ऑगस्ट आठवतो ना? गोदावरीचं पाणी आमच्या सायखेड्यात शिरलं होतं. माझा मावसभाऊ तेव्हा सिन्नरकडच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. चार दिवस तो कामावर गेला नाही आणि कळवलंही नाही. कळवणार कसं, मोबाईल भिजून बंद पडलेला. मग कारणे दाखवा नोटीस आली, त्यानं उत्तर दिलं, आणि शेवटी एका ओळीचं पत्र हातात पडलं: वार्षिक वेतनवाढ रोखली. वाढ होती महिना 650 रुपये.

"दादा, असं करता येतं का यांना?" तो म्हणाला.

मला पटकन सांगता येईना. म्हणून शोधायला बसलो आणि जाऊन पोचलो थेट मुंबईच्या गिरण्यांत.

तिथे शिक्षा म्हणजे दंड. उशीर झाला, दंड. कापड बिघडलं तर ते विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि किंमत पगारातून कापायची! 1928 साली गिरणी कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. पगारकपात हे मोठं कारण होतंच, पण मालकांनी तयार केलेल्या कामाच्या नियमांवरही जोरात भांडण झालं. फॉसेट समितीपुढे तेही नियम आले. कामगाराला शिक्षा कशाची आणि किती, हे कागदावर कोण लिहिणार, असा तो प्रश्न होता.

पुढे 1936 चा वेतन प्रदान कायदा आला. त्यानं दंडाला लगाम घातला: रुपयामागे जास्तीत जास्त अर्धा आणा. कोणत्या चुकीला दंड, ते आधी जाहीर करायचं. कामगाराचं म्हणणं ऐकायचं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, दंडाचे पैसे मालकाच्या खिशात नाही, कामगारांच्याच फायद्यासाठी खर्च करायचे. 1946 मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला, म्हणजे मोठ्या कारखान्यांना सेवेचे नियम लेखी ठेवून मंजूर करून घेणं भाग पडलं. तेव्हा केंद्रात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं.

वेतनवाढीचं काय? 1957 च्या दुरुस्तीनं ते स्पष्ट केलं. योग्य कारणासाठी शिक्षा म्हणून वाढ रोखली, तर ती 'पगारातली कपात' धरायची नाही. मात्र त्यासाठीचे नियम सरकारनं ठरवलेल्या अटींत बसायला हवेत. 2019 च्या वेतन संहितेतही हीच तरतूद आहे.

म्हणजे भावाला उत्तर मिळालं, आणि ते त्याला आवडलं नाही: हो, रोखता येते. पण कंपनीच्या नियमांत ती शिक्षा लिहिलेली हवी. अर्थात वाढ करारानं किंवा वेतनश्रेणीनं ठरलेली असेल, तरच हा वाद. साहेबांच्या मर्जीवरची वाढ असेल तर हातात फारसं काही नसतं.

खरी मेख पुढे आहे. किती काळासाठी रोखली? हे पत्रात नसेल तर सावध व्हा. वर्षभरापुरती रोखली तर 650 गुणिले 12, म्हणजे 7,800 रुपये गेले. कायमची रोखली, आणि भावाची नोकरी अजून 24 वर्षं, तर 1,87,200! पत्र तेच, ओळ तीच.

कुलवंतसिंग गिल विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1990 मध्ये हाच फरक धरला. दोन वेतनवाढी कायमच्या परिणामासह रोखणं ही किरकोळ शिक्षा नाही, कारण माणूस उरलेल्या सगळ्या नोकरीभर दोन पायऱ्या खालीच राहतो. ती मोठी शिक्षा, म्हणून रीतसर चौकशी हवी. तो सरकारी नोकर होता, त्याचे नियम वेगळे. खासगी कारखान्यात आपापले स्थायी आदेश आणि करार बघावे लागतात. पण हिशोब दोन्हीकडे सारखाच लागतो.

मग आम्ही अर्ज लिहिला. दोनच प्रश्न: कोणत्या नियमाखाली? आणि किती काळासाठी? भाऊ म्हणत होता, पुराचं सगळं लिहू. मी म्हटलं, लिही, पण खाली लिही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नियमाचा क्रमांक होता, आणि पुढे नव्यानं घातलेले शब्द: 'एक वर्षापुरती, पुढील वाढींवर परिणाम न होता.'