कळंक हेंहि साधन

रोम येथील सम्राट् मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ कांस्यपुतळा ख्रिस्ती २ ऱ्या शतकांतील होय. मध्ययुगांत असे पुष्कळ पुतळे वितळविले गेले. हा कॉन्स्टन्टाइनचा समजला गेल्यामुळें वांचला, असें मानितात. इ. स. १५३८ त तो कॅपिटोलिन टेकडीवर आणिला. पुढें पाऊस व दूषित हवा यांनीं कळंक वाढल्यामुळें १९८१ त तो तेथून उतरविण्यांत आला. आतां मूळ पुतळा संग्रहालयांत असून चौकांत त्याची प्रतिकृति आहे.

अशा पुतळ्यांची परीक्षा आतां न घासतां, न कोरतां करितां येते. क्ष-किरणांनीं आंतील भेगा व सांधे दिसतात. सुटलेल्या थिगळापाशीं उष्णता निराळ्या वेगानें वाहते, म्हणून उष्णताचित्रांत तें वेगळें उठून दिसतें. सर्व हिरवा थर घातक नसतो; क्लोराइडयुक्त फिकट भुकटी मात्र धातूस खात जाते.

पुतळ्याची गोष्ट तीच ताम्रपटाची. तरुणपणीं प्रस्तुत लेखकानें एक ताम्रपट चिंचेनें व राखेनें घासला. पत्रा लखलखला, परंतु दात्याच्या नांवांतील दोन अक्षरें कायमचीं गेलीं. यास्तव संग्राहकांस विनंति कीं, आधीं छायाचित्र घ्यावें. हात मागाहून लावावा.