पीडित नुकसानभरपाई

पीडित नुकसानभरपाई म्हणजे गुन्ह्यामुळे हानी किंवा इजा झालेल्या व्यक्तीला अथवा तिच्या अवलंबितांना पुनर्वसनासाठी राज्य शासनाच्या योजनेतून मिळणारे अर्थसाहाय्य होय. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-क नुसार ही तरतूद ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ ने घेतली. महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी २०१३ मध्ये मनोधैर्य योजना सुरू झाली.

अर्जातील प्रमुख संज्ञा

पीडित : गुन्ह्याची प्रत्यक्ष झळ पोहोचलेली व्यक्ती. या संज्ञेत तिचे पालक व कायदेशीर वारस यांचाही समावेश होतो.

शिफारस : भरपाईसाठी न्यायालयाने केलेली सूचना. आरोपी निर्दोष सुटला, तरी पीडिताच्या पुनर्वसनासाठी न्यायालय ती करू शकते.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : भरपाईची रक्कम ठरवणारी जिल्हास्तरीय संस्था. राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यातील विंझर येथील रहिवाशांसाठी हे प्राधिकरण पुणे येथे आहे. गुन्हेगाराचा शोध लागला नाही आणि खटला उभा राहिला नाही, तर पीडित किंवा अवलंबित येथे थेट अर्ज करू शकतात. चौकशी २ महिन्यांत पूर्ण करणे बंधनकारक आहे.

अंतरिम साहाय्य : अंतिम निर्णयापूर्वी मिळणारी तातडीची मदत. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून प्रथमोपचार व वैद्यकीय सुविधा विनामूल्य देण्याचा आदेश प्राधिकरण देऊ शकते.

दंडातून भरपाई : दोषी ठरलेल्या गुन्हेगाराकडून वसूल झालेल्या दंडातून न्यायालयाने देवविलेली रक्कम. ती अपुरी वाटल्यास न्यायालय शासकीय भरपाईचीही शिफारस करू शकते.