विरोधी बाकावरची जमीन

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकच्या भाऊराव गायकवाडांना एक पत्र लिहिले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला तेव्हा चार वर्षे होत होती आणि त्याचा स्थानिक भार भाऊरावांच्या खांद्यावर होता. सत्याग्रह थांबवा, देवळात शिरणे हे आपले अंतिम साध्य नव्हतेच, आता सारी ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा, असा त्या पत्राचा आशय. पुढच्या वर्षी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. बहुतेक पुस्तकांतला नाशिक जिल्हा इथेच संपतो. देवळाच्या दारातून माघारी फिरलेली माणसे पुढे कुठे गेली, हे फारसे कोणी विचारत नाही.

ती विधानसभेत गेली, आणि तिथे जमिनीबद्दल बोलू लागली.

ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ च्या निवडणुकीत त्याने सतरा उमेदवार उभे केले आणि बहुतेक निवडून आणले. त्यांतले एक भाऊराव कृष्णाजी, म्हणजेच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. मुंबई इलाख्याच्या १७५ जणांच्या विधानसभेत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या होत्या आणि बाळासाहेब खेर पंतप्रधान झाले (प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला तेव्हा हीच पदवी होती). काँग्रेसने मंत्र्यांचा पगार महिना ५०० रुपये ठरवला, तेव्हा त्या त्यागाचे सर्वत्र कौतुक झाले. आंबेडकरांनी मात्र त्यावर सभागृहात टीका केली. मंत्र्याची पात्रता आणि कारभाराची शुद्धता यांचा विचार न करता पगार ठरवू नये, असे त्यांचे म्हणणे. लोकप्रियता मिळवण्याचा हा मार्ग नव्हता.

पण पक्षाचा खरा कार्यक्रम दुसरा होता. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करणारे अशासकीय विधेयक मांडले. खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या मध्यस्थ खोतांची पद्धत, कोकणातली. नाशिक, नगर आणि खानदेशात जिव्हाळ्याचा विषय होता तो महार वतनाचा. १८७४ च्या वतन कायद्याने महारांवर गावकीची आणि सरकारची कामे लादलेली होती. टपाल पोचवा, वसुलीच्या वेळी कुळांना बोलावून आणा, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला राहा. वेळ ठरलेली नाही आणि घरातला कर्ता आजारी असेल तर दुसऱ्या कोणीतरी जायचे. मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि बलुते. तुकडा साऱ्या भावकीचा, पिढीगणिक वाटण्या होऊन इतका लहान झालेला की त्यावर पोट भरत नसे. पण तो सोडला तर गावात पाय ठेवायला जागा नाही. आंबेडकरांनी हा कायदा बदलण्याचे विधेयक १९२८ मध्येच, मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सदस्य असताना, आणले होते. ते पुढे मागे घ्यावे लागले.

संख्येच्या हिशेबाने अशा विधेयकांना भवितव्य नव्हते, हे मांडणाऱ्यांनाही ठाऊक असणार. म्हणूनच जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून आले. आज पोलीस महासंचालकांचे कार्यालय असलेली, मूळची खलाशांच्या निवासाची, ती इमारत. त्याच वर्षी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. सभागृहातल्या मूठभर आमदारांनी आपले वजन बाहेरून आणायचे, ही रीत तेव्हाच पडली.

१९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रश्न विचारायला सभागृहच उरले नाही. वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढवली गेली होती. ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला त्याविरुद्ध परिषद भरली. आंबेडकरांनी करबंदीची भाषा केली. विधानसभेत स्थगन प्रस्तावाने जे व्हायचे, ते सिन्नरच्या मांडवात झाले.

पुढचा हिशेब विरोधकांना सुखावणारा आणि खट्टू करणाराही आहे. खोती रद्द झाली ती १९४९ च्या कायद्याने, काँग्रेसच्या राज्यात. महार वतन गेले १९५८ च्या कनिष्ठ गावकी वतने रद्द करणाऱ्या कायद्याने, यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत. १९२८ ते १९५८ म्हणजे तीस वर्षे. जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. ज्यांना वतनही नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच. त्यासाठी दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. दुसऱ्या खेपेला देशभर लाखांवर लोक तुरुंगात गेले. तोवर दादासाहेब नाशिकचे खासदार होऊन राज्यसभेतही पोचले होते. सभागृह बदलले, मागणी तीच.

आज नाशिकच्या जमिनीपेक्षा तिथला कांदा विधानसभेत अधिक गाजतो. भाव पडले की विरोधी आमदार कांद्याच्या माळा घालून पायऱ्यांवर उभे राहतात, छायाचित्रकार धावतात. कांद्याची झळ शहरालाही लागते. नाशिकच्याच सुरगाण्याच्या डोंगरातली वनजमीन कोणाच्या नावावर आहे, याची झळ मुंबईला लागत नाही.

ती लागावी म्हणून ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून पायी निघाला. पुढे होते जिवा पांडू गावित, १९७८ पासून अनेकदा निवडून आलेले आणि त्या वेळच्या विधानसभेतले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे केले, पण कसतो त्याहून कमी जमिनीचा पट्टा हातात पडतो, ही मुख्य तक्रार. कर्जमाफी आणि नार-पार नद्यांचे पाणी या मागण्या त्यामागून. विधानभवनाला घेराव घालायचे ठरले होते. दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा नको म्हणून मोर्चेकरी शेवटच्या रात्री चालत १२ मार्चला पहाटे आझाद मैदानात पोचले, आणि तिथेच सरकारने लेखी आश्वासन दिले.

पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, तेच लोक पुन्हा निघाले. या वेळी दिंडोरीहून, दादासाहेबांच्या तालुक्यातून. गावित २०१९ ला हरले होते. विधानसभेत पक्षाचा एकच आमदार, तोही डहाणूचा. आधीच्या लेखी आश्वासनाचा अनुभव असलेले मोर्चेकरी मुंबईच्या वाटेवर वाशिंदला थांबले, पण घरी गेले नाहीत. मुख्यमंत्र्यांनी मान्य मागण्यांचे निवेदन सभागृहात करावे, ही त्यांची अट होती. ते झाल्यावरच, १८ मार्चला, मोर्चा मागे घेतला गेला.