गोळी ठेवायची कशात?

गार्डन रीच म्हटलं की आपल्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक, हुगळीच्या काठावरचा जहाजांचा कारखाना, जिथे आपल्या नौदलाच्या युद्धनौका बांधल्या जातात. दुसरी, शेजारचं मटियाबुर्ज आणि तिथली बटाटा घातलेली बिर्याणी. या पोस्टिंगवरून लिहायला बसलो तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिसरीच गोष्ट होती. ती आहे शिशाच्या ओतीव गोळीची. गोळी ओतणं सोपं आहे. ओतलेली गोळी वापरायची वेळ येईपर्यंत स्वस्तात आणि नीट सांभाळून ठेवणं हे खरं काम. याच कामात झालेल्या हलगर्जीपणाची झळ १८५७ साली गार्डन रीचपर्यंत कशी पोहोचली, ते आज सांगतो.

कोकणातल्या वाचकांना ठासणीची बंदूक सांगायला नको. डुक्कर आणि माकडांपासून शेत राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली अशी बंदूक सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे अजून घराघरांत आहे. नळीत आधी दारू घालायची, मग गोळी किंवा छर्रे, वर बोळा आणि गजाने ठासायचं. जुन्या काळी फौजेतलीही बंदूक अशीच भरत. शिसं कमी उष्णतेला, म्हणजे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे चूल, पळी आणि साचा एवढ्यावर गोळी तयार होते. मराठी फौजेतला बंदूकवालाही गोळ्या कातडी पिशवीत आणि दारू शिंगात ठेवत असे. दोन्ही वेगळं ठेवलं की धोका कमी आणि खर्चही नाही.

पण लढाईच्या धांदलीत शिंगातून दारू मोजायला वेळ कुठला? म्हणून कागदी काडतूस आलं. कागदाची पुंगळी करायची, तिच्यात एका बाराची दारू आणि एक गोळी भरायची आणि टोकं बंद करायची. शिपाई टोक दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायचा आणि गोळी कागदासकट ठासायचा. ही काडतुसं कमरेच्या कातडी तोसदानात राहत. तोसदानात भोकं पाडलेला लाकडी ठोकळा असे आणि एकेका भोकात एकेक काडतूस उभं राही. गोळी आणि दारू एकत्र ठेवण्याची याहून स्वस्त रीत तेव्हा नव्हती.

कंपनी सरकारच्या शिपायाकडे जी जुनी बंदूक होती, ब्राउन बेस नावाची, तिची नळी आतून गुळगुळीत होती. नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, गोळी सुमारे साडेसतरा मिलिमीटर. एवढी फट असली की गोळी सहज खाली जाते आणि वंगण लागत नाही. नेम मात्र शंभर पावलांपलीकडे देवावर हवाला.

एन्फिल्ड रायफल आली आणि हे सगळं बदललं. १८५३ सालच्या या रायफलच्या नळीत आटे होते. व्यास सुमारे १४.७ मिलिमीटर, आणि लांबट, मागून पोकळ अशी शुद्ध शिशाची गोळी सुमारे १४.४ मिलिमीटर. वजन साधारण ३४ ग्रॅम. मधली फट जेमतेम पाव मिलिमीटर, तीही गोळीभोवतीच्या कागदाने भरलेली. बार उडाला की गोळीचं बूड फुगून आट्यांत बसायचं, म्हणून नेम लांबवर टिकायचा. पण अशी घट्ट गोळी कोरडी ठासता येत नाही आणि चार-सहा बारांनंतर नळीत काजळी साचते. म्हणून गोळीकडच्या टोकाचा कागद वंगणात बुडवलेला असायचा. वंगण म्हणजे जनावराची चरबी आणि थोडं मधमाश्यांचं मेण. चरबी जास्त, मेण कमी, कारण चरबी स्वस्त.

इथे पहिला प्रश्न उभा राहिला तो साठवणुकीचा होता, धर्माचा नव्हता. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात ही चरबी टिकेल का? विलायतेतून १८५३ साली वंगण लावलेली काडतुसं चाचणीसाठी हिंदुस्थानात आली. फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून इथे ती ठेवली गेली. पहाऱ्यावरच्या शिपायांनी ती तोसदानात घालून वागवली. नंतर ती परत विलायतेला गेली आणि वंगणाचं काय झालं याचा अहवाल तयार झाला. हवामानाची परीक्षा अगदी शिस्तीत झाली.

त्याच सुमारास, डिसेंबर १८५३ मध्ये, बंगाल आर्मीचे अॅडजुटंट जनरल कर्नल टकर यांनी एक सावधगिरीची सूचना केली होती. वंगणात शिपायांच्या धर्माला बाधणारं काही नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. सूचना कागदावर आली आणि कागदांतच राहिली. चरबी उन्हात टिकते का, हे दोन वर्षं तपासलं गेलं. ती कोणत्या जनावराची आहे, हे पुरवठ्याच्या कंत्राटात कोणी तपासलं नाही.

जानेवारी १८५७. एन्फिल्डचं शिक्षण देण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली होती. डमडम म्हणजे आजच्या कोलकाता विमानतळाचा भाग. तिथल्या मॅगझिनमधल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ पाणी प्यायला लोटा मागितला. शिपायाने नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की आता तुझी जात राहतेच कुठे, गाई-डुकराची चरबी दाताने फाडणार आहेस. लेफ्टनंट राइट या अधिकाऱ्याने ही कुजबुज वर कळवली. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो आणि इथेच थांबतो.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २२ जानेवारीच्या संध्याकाळी केंद्रप्रमुख मेजर बाँटीन यांनी परेड घेतली आणि कोणाची काही तक्रार आहे का, असं विचारलं. निम्म्याहून कितीतरी अधिक, जवळजवळ दोन तृतीयांश जवान पुढे आले. सगळे देशी अधिकारी त्यांत होते. आवाज चढला नाही, शिस्त मोडली नाही. हे वंगण आम्हाला चालणार नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. चरबीऐवजी मेण आणि तेल वापरा, काम होईल, असा तोडगाही त्यांनीच दिला.

आपल्यापैकी ज्यांनी दरबारात उभं राहून पॉइंट दिला आहे, त्यांना यातलं वजन कळेल. योग्य जागी, योग्य भाषेत, उपायासकट मांडलेला असा पॉइंट कोणत्याही कमांडिंग ऑफिसरला हवाच असतो. मेजर बाँटीन यांनी तो प्रामाणिकपणे वर पाठवला. बराकपूरचे जनरल हर्सी यांनी पाठिंबा दिला. २७ जानेवारीला सरकारचा होकारही आला, की काडतुसं कोरडी द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून हवं ते वंगण आणून स्वतः लावावं. पाच दिवसांत निर्णय. आजच्या मानानेही वाईट नाही.

तरी उपयोग झाला नाही, कारण संशय चरबीवरून कागदावर सरकला होता. नवा कागद विलायतेहून आलेला, गुळगुळीत आणि चकचकीत. फेब्रुवारीत बराकपूरला चौकशी झाली तेव्हा शिपायांनी सांगितलं की कागद जळताना चरबीसारखा चरचरतो. मार्चमध्ये काडतूस दाताऐवजी हाताने फाडण्याची सवलत मिळाली. पण तोवर प्रत्येक सवलत म्हणजे आधी काहीतरी लपवलं होतं याचा पुरावा वाटू लागली होती.

बहरामपूरला तर साठवणुकीची चूक सरळ अंगाशी आली. २६ फेब्रुवारीला १९व्या पलटणीने दुसऱ्या दिवशीच्या परेडसाठी टोप्या घ्यायला नकार दिला. टोपी म्हणजे घोड्याखाली बसवायची तांब्याची कॅप. गंमत अशी की तिथली काडतुसं जुन्याच बंदुकीची होती, एन्फिल्डशी त्यांचा संबंध नव्हता. पण साठ्यात दोन वेगवेगळ्या छटांच्या कागदाची काडतुसं एकत्र मिसळलेली होती. जवानांनी ती पाहिली आणि नवी काडतुसं जुन्यांत मिसळून आपल्याला दिली जात आहेत, असा अर्थ काढला. कोतमध्ये काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की दोन लॉट एकत्र ठेवायचे नाहीत. एरवी हा हिशेबाचा नियम आहे. बहरामपूरला तो मोडला आणि एक पलटण गेली. ३१ मार्चला बराकपूरला तिची हत्यारं काढून तिला बरखास्त केलं. त्याच बराकपूरला दोन दिवस आधी मंगल पांडे यांनी बंदूक उचलली होती. १० मे रोजी मेरठ पेटलं.

आता गार्डन रीच. कंपनीच्या बड्या साहेबांचे बागबंगले इथे नदीकाठाने होते, त्यावरून हे नाव पडलं. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवधचं राज्य खालसा झाल्यावर नवाब वाजिद अली शाह मे महिन्यात कोलकात्याला आले आणि इथे राहू लागले. बंगाल आर्मीतल्या शिपायांची फार मोठी भरती अवधच्याच गावांतून होती. म्हणजे किल्ल्यात पहारा करणाऱ्या शिपायाचं गाव अवधमध्ये आणि त्याचा पदच्युत राजा नदीच्या उताराला थोड्या अंतरावर. १४ जून १८५७, रविवार. बराकपूरचे शिपाई चालून येत आहेत, अशी हूल उठली. कोलकात्याचे गोरे लोक किल्ल्याकडे आणि जहाजांकडे धावले. कोणी चालून आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी, १५ जूनच्या पहाटे, फौजेने गार्डन रीचला वेढा दिला आणि नवाबांना उचलून फोर्ट विल्यममध्ये ठेवलं. त्यांची सुटका जुलै १८५९ मध्ये झाली. पुढे ते मटियाबुर्जलाच राहिले, १८८७ मध्ये वारले आणि इथल्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे.

नुसत्या काडतुसामुळे सत्तावन घडलं, असं मी म्हणत नाही. खालसा झालेली राज्यं, जमिनी, भत्ते, पगार, अशी कारणांची रास होती. पण त्या राशीला ठिणगी लागली ती गोळी जपून ठेवण्याच्या स्वस्त साहित्यातून. आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये त्या काळाची हकीकत लिहिली. त्यातही काडतुसांची कथा आहेच. कोकणातल्या भिक्षुकाच्या कानापर्यंत ती गेली होती.

आणि शेवटी काय झालं? विलायतेतल्या दारूगोळा खात्याला कळून चुकलं की चरबी उष्ण हवेत टिकतच नाही. ती वितळून कागदात झिरपते, गोळी कोरडी पडते. वर चरबीतली आम्लं शिशाला खातात, गोळीवर पांढरट थर चढतो आणि आधीच घट्ट असलेली गोळी नळीत अडकते. उपाय म्हणून १८५९च्या सुमारास गोळीचा व्यास जवळपास १४ मिलिमीटरवर आणला आणि वंगण बदललं. नवं वंगण होतं मधमाश्यांचं मेण. डमडमच्या परेडवर जवानांनी जे सुचवलं होतं, त्याच वाटेने कारखाना गेला. जवानांचं कारण धर्माचं होतं, कारखान्याचं रसायनाचं. पण तोसदान ज्याच्या कमरेला असतं त्याला त्यातल्या वस्तूचं शहाणपण असतं, हे दोन्हीकडून सिद्ध झालं.

जाता जाता, ज्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. ओतीव गोळी थंड झाल्यावर पुसून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी. लाकडी पेटी टाळावी, विशेषतः नवी. लाकडातून आम्लाची वाफ येते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. संग्रहालयंसुद्धा याच कारणाने शिशाच्या वस्तू लाकडी कपाटात ठेवत नाहीत. गोळ्यांमध्ये सुती चिंधीचे थर द्यावेत, कारण शिसं मऊ असतं आणि एकमेकांवर आपटून पोचे पडतात. वंगण लावायचंच तर मेण प्रधान असावं. प्रत्येक ओतीचा डबा वेगळा आणि वर तारीख. दारू आणि गोळी कधीही एका डब्यात नाही. पांढरी भुकटी धरलेली गोळी उघड्या हाताने घासू नये, ती विषारी असते. आणि शिसं हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत. हे सगळं मिळून एका रिकाम्या डालड्याच्या डब्याइतकंच खर्चाचं आहे.

आज आपल्याला अमोनिशन रबरी सील लावलेल्या पेटीत मिळतं, वर लॉट नंबर आणि वर्ष छापलेलं. आपण पेटी उघडतो, मोजतो, सही करतो. त्या छापील ओळीचा अर्थ एवढाच आहे की आत काय आहे आणि ते कुठून आलं, हे देणारा घेणाऱ्याला लपवाछपवीशिवाय सांगतो आहे. १८५७च्या शिपायाला त्याच्या काडतुसाबद्दल हे कोणी सांगू शकलं नाही, कारण सांगणाऱ्यालाच ते माहीत नव्हतं.

जय हिंद.