अपघातानंतर पुन्हा कामावर : एका उपचाराचा इतिहास

हाड जुळले की उपचार संपले, असे अनेक रुग्णांना वाटते. पण कामगाराचे उपचार खऱ्या अर्थाने संपतात ते तो पुन्हा कामाला लागतो तेव्हा. डॉक्टरांनाही हे उमगायला बराच काळ लागला.

इंग्लंडमध्ये १८८७ साली मँचेस्टरपर्यंत जहाजे नेण्यासाठी ३६ मैलांचा कालवा खणायला घेतला. हजारो मजूर, सुरुंग आणि वाफेची यंत्रे. त्यामुळे अपघात रोजचेच. तेथे रॉबर्ट जोन्स या तरुण शल्यचिकित्सकाची नेमणूक झाली. कालव्याच्या काठाने प्रथमोपचार केंद्रे आणि रुग्णालये उभी राहिली. बांधकामासाठी टाकलेल्या रेल्वेनेच जखमींना तेथे नेत. हाड वेळेवर आणि नीट बसवले, तर कामगाराचा हात-पाय वाचतो, हे जोन्स यांनी तेथे अनुभवले.

जोन्स यांचे गुरू ह्यू ओवेन थॉमस अस्थिभंगात दीर्घ, अखंड विश्रांतीचा आग्रह धरत. पण पहिल्या महायुद्धात पुढचा प्रश्न समोर आला. हाड जुळले तरी सांधे आखडलेले, स्नायू रोडावलेले आणि महिनोन्महिने रिकामे पडून माणूस मनानेही खचलेला! म्हणून जोन्स यांनी लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील लष्करी रुग्णालयात कार्यशाळा सुरू केल्या. जो सांधा आखडला असेल तो हलेल, असे सुतारकामासारखे काम जखमी सैनिकाला दिले जाई. काम हाच उपचाराचा भाग झाला.

आपल्याकडे १९२३ च्या कायद्याने जखमी कामगाराला नुकसानभरपाईचा हक्क दिला. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने औषधोपचार आणि रजेच्या काळातील पैशांची सोय केली. शिवाय हा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढण्यास मनाई केली. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था सुरू झाली. भरपाई मोजते काय गेले ते. पुनर्वसन पाहते काय उरले आणि त्यातून काय करता येईल.

म्हणून दुखापतीनंतर तुमचे काम नेमके काय आहे, ते डॉक्टरांना सविस्तर सांगा : किती वजन उचलता, किती तास उभे राहता, शिडी चढावी लागते का. "पूर्ण बरा कधी होईन?" याबरोबरच "आज यातले काय करू शकतो?" हेही विचारा. सुरुवातीला हलके काम किंवा कमी तास चालतील का, हे डॉक्टर आणि मालक दोघांशी बोलून ठरवा. व्यायाम मात्र सांगितल्या दिवसापासून सुरू करा. घरी बसण्याचा काळ लांबत जातो, तसे कामावर परतणे अवघड होत जाते.